पिन पडली का?

आमच्या शेडच्या मागं वाकलेल्या पिनांचा एक ढीग आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची ती लोखंडी पिन, वीतभर लांब, अंगठ्याहून जाड. भंगारवाला दर दिवाळीला येतो, त्या ढिगाकडं आशेनं बघतो आणि मी त्याला चहा पाजून वाटेला लावते. कारण त्यातल्या प्रत्येक वाकड्या पिनेमागं एक शहाणा आहे, आणि शहाणे मी भंगारात घालत नाही. सांगायला ठेवते!

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. लोखंडाला गंज चढतो तसे ते आपोआप चढतात. माझ्यावर जरा जास्तच चढलेत, कारण माझी उभी हयात ट्रॅक्टरवर गेली. म्हणजे बसून गेली.

मी शेवंता. माहेर कोरेगावकडचं, सासर सांगलीच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. शाळा नावापुरती. पुढचं सगळं माझं मी शिकले. वाचायला शिकले ते ट्रॅक्टरसोबत आलेल्या माहितीपुस्तकावर, त्यामुळं मला 'क्लच' आधी वाचता आला आणि 'कमळ' मागनं.

घरात आम्ही चौघं. मालक फौजेतून सुभेदार होऊन आले. त्यांना अख्खं गाव सुभेदार म्हणतं आणि मीही तेच म्हणते. मुलगा विलास. सून संगीता. आणि गेल्या सालापर्यंत घरात भांडण एकच, ट्रॅक्टरची किल्ली कुणाकडं? ती होती माझ्याकडं. पाहिजे होती विलासला. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

*

ट्रॅक्टर घरात आला तेव्हा सुभेदार सीमेवर होते. पगारी ड्रायव्हर ठेवलेला. ऐन गळिताच्या हंगामात तो चुलतभावाच्या लग्नाला म्हणून गेला आणि तिकडंच रमला. इकडं ऊस तोडून पडलेला, उन्हात वाळत चाललेला.

भाऊकीतले म्हणाले, "वैनी, दुसरा ड्रायव्हर मिळंपतुर थांबा की."

म्हटलं, "मी थांबंन. ऊस थांबतोय व्हय?"

पुढं चालवायला एका दुपारी शिकले. त्यात काय आहे? पुढं तर म्हैसपण जाते. खरी गंमत मागं घेताना. ट्रॅक्टर डावीकडं वळवला की ट्रॉली उजवीकडं जाते. बांधावर चढली, माझी मीच उतरवली, पुन्हा चढली.

मग भाकरी झाल्यावर चुलीपुढं बसले आणि दोन काडेपेट्या घेतल्या. एक ट्रॅक्टर, एक ट्रॉली. पुढची पेटी मागं सरकवत मागचीला बरोबर भिडवायची, टाचणी टोचून जोडायची आणि मग दोन्ही मागं ढकलायच्या. चूल विझेपर्यंत ढकलत बसले. तेव्हा कळलं, तिला डावीकडं न्यायचं असेल तर आपण उजवीकडं निघाल्यासारखं दाखवायचं.

नवरा सांभाळलेल्या बाईला हे खरं तर शिकवावं लागत नाही!

दुसऱ्या दिवशी ऊस घेऊन कारखान्यावर गेले. वजनकाट्यावर ट्रॉली मागं घ्यायची होती. काटेवाला मला बघून गडबडला. "बाई, तुमी वरच बसा. मी मागं घ्यायला कुणाला तरी बलावतो," म्हणून पळाला.

तो माणूस शोधून आणेपर्यंत ट्रॉली काट्यावर होती. म्हटलं, "आता ह्येला च्या तरी पाजा. बिचारा रिकामाच आलाय."

*

तुकानाना आमचे शेजारी. नानांना जगातली सगळी माहिती आहे, फक्त स्वतःच्या वस्तू कुठं आहेत तेवढी नाही. एकदा त्यांची पिन हरवली. त्यांनी पिनेच्या जागी कुदळीचा दांडा ठोकला.

"वैनी, बाभळीचा हाय. दोन बैलं वडली तरी मोडायचा न्हाई!"

"नाना, बैलं वडणार न्हाईत. ट्रॅक्टर वडणार हाय."

"ट्रॅक्टर म्हंजी तरी काय? लोखंडाचा बैलच की!"

ओढ्याच्या चढाला तो दांडा काडकन मोडला. ट्रॅक्टरवर नाना गाणं म्हणत पुढं गेले. रिकामी ट्रॉली उलटी उतारानं निघाली. चिंचेला वळसा घालून, कुणाच्या कोंबडीलाही धक्का न लावता, ती नानांच्याच फाटकातून आत शिरली आणि गोठ्यापुढं सरळ उभी राहिली. मी चाळीस वर्षं ट्रॉली लावते, पण इतकी सरळ मलाही कधी लागली नाही.

नाना शेतात पोचले, ऊस भरायला मागं वळले, तर मागं ट्रॉली नाही. शोधत शोधत घरी आले. गोठ्यापुढं बघितली. आम्ही सगळे आता नाना काय बोलतात म्हणून कुंपणाला टेकलेलो. नानांनी मिशीवरून हात फिरवला.

"बगितलंसा वैनी? वळण लावल्यालं जनावर कुठंबी सोडा, दावणीलाच येतं!"

त्या दिवसापासून मी माझ्या घरात कायदा केला. ट्रॉली सोडली की पिन माझ्या कनवटीला, मी चालवणार असले तर ती आधी टाकणाऱ्याच्या हातात. जोडताना चालवणाऱ्यानं मागं वळून विचारायचं, "पडली का?" पिन टाकणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, "पडली!" त्याशिवाय चाक हलवायचं नाही. आणि जो पिन टाकेल त्यानं चालवायचं नाही, जो चालवेल त्यानं पिनेला हात लावायचा नाही. आरतीत एखादं कडवं चुकलं तर देव सांभाळून घेतो. ह्यात घेत नाही.

*

सुभेदार पेन्शन घेऊन घरी आले. सोबत ट्रंक आणली आणि एक शिट्टी आणली. फौजेत त्यांनी म्हणे डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर मोठमोठे ट्रक मागं घ्यायला लावलेले.

"शेवंता, अब तू फिकर मत कर. पीछे मैं खड़ा हूँ!"

म्हटलं, "आवं, मागं तुमी नव्हता तवाबी ट्रॉली लागतच हुती."

पण माणूस हौसेनं उभा राहिला. छाती पुढं, तोंडात शिट्टी, दोन्ही हातांनी खूण. मी ट्रॉली मागं घेते, तसे ते एकेक पाऊल मागं सरकतात. "आने दो... आने दो... आने दो..."

सगळं लक्ष ट्रॉलीवर. स्वतःच्या मागं काय आहे त्याकडं नाही. मागं होता आमचा उकिरडा, नुकता शेणखत उपसून खोल केलेला.

आरशात सुभेदार होते, आणि पुढच्या क्षणी नव्हते! नुसता एक हात दिसत होता, खड्ड्याच्या काठावर, हलत असलेला. मी ब्रेक दाबला. हात अजून हलतोच आहे.

मी ओरडले, "आवं, ही खूण आने दोची का हॉल्टची?"

उकिरड्यातून आवाज आला, "अगं, माणूस भायेर काढायची!"

*

बंद पडलेली किंवा रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीनं ओढायची, ह्याला आमच्याकडं टोचन म्हणतात. टोचन लावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण लोक हात धरतातच.

गावात लग्न होतं. मांडव मळ्यात. आदल्या दिवशी वळीव बरसलेला, आणि आमची काळी जमीन तुम्हाला माहितीच आहे, चप्पल घेते आणि परत देत नाही. नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी मळ्याच्या तोंडाशीच रुतली. मला बोलावणं आलं.

नवरदेवाचा मावसभाऊ पुण्याचा. डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत पांढरे बूट. मी दोर घेऊन उतरले तर म्हणाला, "काकू, द्या इकडे. मी बांधतो. गाडी माझी आहे, मला तिची माहिती आहे."

आणि बांधला कुठं? बंपरला!

"बाळ, बंपर दाखवायचा आसतोय, वडायचा न्हाई. खाली हूक आसंल बग, त्येला लाव."

"खाली चिखल आहे, काकू. तुम्ही एक काम करा. फक्त सरळ ओढा."

आता पाहुण्याचा शब्द मोडायचा कसा? मी सरळ ओढलं. दोर ताणला, एक हिसका बसला आणि ट्रॅक्टर सुरेख चालू लागला. जरा जास्तच सुरेख. पुढं बँड जोरात, त्यामुळं मागं कोण काय ओरडतंय ते कुणालाच ऐकू आलं नाही. मला आरशात दिसत होतं. पण मला फक्त सरळ ओढायला सांगितलं होतं.

मांडवाच्या दारात ट्रॅक्टर थांबला. मागं दोराला नुसता बंपर, झेंडूची माळ, नंबराची पाटी आणि नवरा-नवरीच्या नावांचा फलक. नवरीची आई ओवाळणीचं ताट घेऊन तयार.

"नवरदेव कुठं हाईत वं, आक्का?"

"मागनं चालत याला लागलेत. गाडीचा पुढचा भाग आलाय, तेवढा ओवाळून घ्या."

आणि त्या माउलीनं खरंच ओवाळलं! नंबराच्या पाटीला कुंकू लावलं. लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. पुण्याचा मावसभाऊ मात्र एकाही फोटोत नाही.

*

माझ्या हुकांचं सगळं काम माधवनगरला, दस्तगीरभाऊंकडं. वेल्डिंगचं दुकान. जीप असो, तीनचाकी टेम्पो असो, काहीही घेऊन जा, दस्तगीरभाऊ मागं हूक लावून देणार. एकदा जतकडचा एक मेंढपाळ मोटारसायकल घेऊन आला. मागं कोकरांसाठी छोटी गाडी जोडायची होती. दस्तगीरभाऊंनी विचारलं, हूक कसला पाहिजे? तो म्हणाला, "आसा करा भाऊ, की मोटारसायकल बंद पडली तर म्होरं मेंढा जुपता आला पायजे."

तर ह्याच दुकानात माझी गाठ मिरजेच्या तंबोरेवाल्याशी पडली. त्याला तंबोऱ्याचे भोपळे आणायचे होते. सांगायला लागला, "आक्का, ह्यो नुसता भोपळा न्हवं. उद्याचा तंबोरा हाय. गाडीचा दणका बसला तर तडा जाणार आन तडा गेला की आवाज गेला."

दस्तगीरभाऊंनी जुन्या टायरचं रबर कापून हुकाच्या जोडात बसवलं. पिन टाकली. तंबोरेवाला खाली वाकला, पिनेवर बोटानं टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले.

"भाऊ, ही पिन बेसूर हाय."

दस्तगीरभाऊंनी तोंडावरची काच वर केली. "मालक, मी वेल्डिंग करतो. रियाज न्हाई!"

भोपळे आणायला गेलो. ट्रॉलीत उसाच्या पाचटाची गादी केली, त्यावर भोपळे रचले आणि ते घरंगळू नयेत म्हणून मधोमध सुभेदारांना बसवलं. दोन भोपळे मांडीवर, दोन बगलेत, पाठ ट्रॉलीच्या पत्र्याला. मी मिरजेपर्यंत असा ट्रॅक्टर आणला की कपातला चहा हिंदकळला नसता. पण रस्त्यातल्या खड्ड्यांना कुठं माहीत होतं, आज तंबोरे चाललेत म्हणून?

तंबोरेवाल्यानं एकेक भोपळा उचलला, टिचकी मारली, कान लावला, बाजूला ठेवला. एकालाही तडा नाही! शेवटी ट्रॉलीत फक्त सुभेदार उरले, कमरेत वाकलेले, हलता येईना. त्यानं त्यांच्याही पाठीवर टिचकी मारली.

"आक्का, ह्ये तेवढं फुटलंय."

*

आता जरा कडवट घास.

गेल्या साली मिरजेला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टरीण पोरसवदा, गोड. म्हणाली, "आजी, थोडे दिवस जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, गाडी चालवायची नाही."

विलासनं ह्यातलं एवढंच ऐकलं की गाडी चालवायची नाही.

घरी आल्या आल्या दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून त्यानं आपल्या खिशात घातली.

"आरं, थोडं दिस म्हणाली ती."

"आई, तुझ्या वयाला थोडं दिस म्हंजी कायमच. आता बास. लोक मला हसत्यात. म्हणत्यात, ह्येची म्हातारी चालवतीया आन ह्यो मागं बसतोय."

"मग तू रिव्हर्स शिक. न्हाई हसायची."

हे त्याला झोंबलं. झोंबणारच. आमच्या जत्रेत ट्रॉली मागं घ्यायची शर्यत असते. दोन्ही बाजूंना पिंपं मांडतात, त्यांना न शिवता मागं जायचं. विलासनं एका साली भाग घेतला. डावीकडची पिंपं पाडली, उजवीकडची पाडली आणि मग पंचाच्या खुर्चीकडं निघाला. पंच उडी मारून वाचला आणि लाऊडस्पीकरवरून ओरडला, "विलासराव, पंचाचा निर्णय शेवटचा आसतोय, दिवस न्हवं!"

पट्टी सुटली आणि मला लख्ख दिसायला लागलं. दस्तगीरभाऊंचं वेल्डिंग किती वाकडं असतं ते दिसलं. सुभेदार किती म्हातारे झालेत ते दिसलं. आणि दारामागचा खिळा रिकामा दिसला. इतकी वर्षं दारात हाक यायची, "शेवंताक्का हायत का?" आता यायला लागली, "विलास हाय का?" मी चुलीपाशी बसून ऐकायची. दुखलं. उगाच खोटं कशाला बोलू?

जुना ट्रॅक्टर देऊन नवा घ्यायचं ठरलं. त्याची किल्लीही विलासकडंच जाणार होती. पिन मात्र अजून माझ्या कनवटीला. ती कुणी मागितलीच नाही.

*

त्याच दिवसांत एका सकाळी सुभेदार देवापुढं दिवा लावायला गेले ते घाम फुटून परत आले. हातात दोन काडेपेट्या. एकीच्या टोकात टाचणी टोचून दुसरी जोडलेली. देवाच्या फळीखाली जमिनीवर पिठाच्या रेघा.

"शेवंता, कुणीतरी करणी केलीय! फळीच्या मागं ठेवल्याली! टाचणी बग, पीठ बग!"

चीनच्या सीमेवर उभा राहिलेला माणूस, काडेपेटी विंचवासारखी लांब धरून उभा होता!

विलास म्हणाला, "नवा ट्रॅक्टर येणार म्हणून कुणाचातरी पोटशूळ उठलाय." तुकानाना कुंपणावरूनच म्हणाले, "जाणत्याला बलवा. टाचणी म्हंजी काम पक्कं हाय."

मी देवापाशी गेले आणि काडेपेट्या हातात घेतल्या. दोन्ही पेट्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या. पिठाच्या रेघा आधी वाकड्यातिकड्या होत्या, मग कमी वाकड्या आणि शेवटच्या दोन अगदी सुतात.

आत संगीताचं भाकरी थापणं एकदम थांबलं होतं.

मी म्हटलं, "करणी हाय खरी. पण घरातल्याच बाईची हाय. उतरवायची न्हाई."

आणि टाचणी न काढता काडेपेट्या होत्या तिथं, फळीमागं, परत ठेवल्या. सुभेदार तेव्हापासून दिवा लावताना फळीकडं पाठ करतात.

*

नवा ट्रॅक्टर आला. लाल, चकचकीत. आदल्या दिवशी शोरूमच्या माणसानं अंगणात आणून ट्रॉलीपुढं नीट लावून दिला, नुसती पिन टाकायची बाकी. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावरच्या देवीला नारळ फोडायला जायचं ठरलं. गल्लीतल्या सगळ्या बाया नटून ट्रॉलीत बसल्या. सुभेदार फेटा बांधून बसले. तुकानाना बसले. संगीता ताट घेऊन बसली. विलास म्हणाला, "आई, तू आता मागं बस. आरामात." बसले. आरामात.

विलासनं ट्रॅक्टरला हार घातला, नवा स्पीकर लावला, गाणं एवढं मोठं केलं की गोठ्यात म्हशी उठून उभ्या राहिल्या. मग टेचात वर चढला आणि किल्ली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

सुभेदार माझ्या कानाशी लागले, "अगं, पिन?"

म्हटलं, "इचारू दे की."

विलासनं किल्ली फिरवली. मागं बघितलं नाही. विचारलं नाही. क्लच सोडला आणि निघाला!

ट्रॅक्टर गेला. आम्ही राहिलो.

मागच्या बाया दचकून उठायला लागल्या तशी मी ओरडले, "बायांनो, म्होरं सरका! मागं कुणी जाऊ नका, न्हाईतर समद्या उताण्या पडशीला!" सगळ्या पुढं सरकल्या, तोंडाखालच्या लोखंडी स्टँडवर ट्रॉली टिकली. आणि तिथंच बसून आम्ही बघितलं, माझा विलास गाणं वाजवत, अख्ख्या गावातून, एकटा. लोक हात करून ओरडत होते, "विलास! आरं मागं बग, मागं!" त्याला वाटलं, सत्कार चाललाय. दोन्ही बाजूंना नमस्कार करत गेला!

देवीच्या पायरीशी पोचल्यावर त्यानं म्हणे गाणं बंद केलं आणि रुबाबात म्हणाला, "उतरा बायांनो."

पुजाऱ्यानं विचारलं, "कुणाला म्हणतोयस, लेका?"

परत आला तेव्हा गाणं बंद होतं.

"पिन कुणी टाकली न्हाई?"

"तू इचारलं न्हाईस."

त्याचं तोंड हारातल्या झेंडूसारखं झालं. ट्रॅक्टर वळवून मागं घ्यायला लागला. पहिल्यांदा डावीकडं गेला. दुसऱ्यांदा उजवीकडं गेला. तिसऱ्यांदा एवढा मागं आला की ट्रॉलीतल्या सगळ्या बायांनी एकदम देवीचं नाव घेतलं. मग सल्ले सुरू झाले. "विलासभावजी, जरा हिकडं!" "हिकडं न्हवं, तिकडं!" "आरं बाळा, मान मोडून बग की!" तुकानाना म्हणाले, "सोडून दे रं गड्या. ट्रॉलीच येईल आपली आपण, माझी आलती तशी."

सुभेदारांनी खिशातून शिट्टी काढली. मी हात धरला.

"आवं, मागं उकिरडा हाय."

शिट्टी खिशात गेली.

विलासनं ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरला. ट्रॉलीजवळ आला, मान खाली, आणि किल्ली माझ्यापुढं धरली.

"घे, आई."

नवी किल्ली. अजून हळदीकुंकवाचं बोट तिच्यावर ओलं. खरं सांगते, हात पुढं झाला माझा. किल्ली घेतलीसुद्धा. गार होती. मुठीत बरोबर बसली.

पण पिन कनवटीला होती. आणि पिन टाकणाऱ्यानं चालवायचं नाही, हा कायदा माझाच होता.

मी किल्ली संगीताच्या ताटात, नारळाशेजारी ठेवली.

ती माझ्याकडं बघायला लागली. "आत्या, मी?"

"काडेपेटीच हाय ती. जरा मोठी हाय, एवढंच."

विलास म्हणाला, "आई, काडेपेटी काय? काय चाललंय?" संगीतानं ताट त्याच्या हातात दिलं, किल्ली उचलली, पदर खोचला आणि उतरली. मी तिच्यामागं उतरले आणि ट्रॉलीच्या दांड्यापाशी जाऊन उभी राहिले.

तिनं ट्रॅक्टर सुरू केला. थोडा पुढं नेला, सरळ केला. मग मान वळवली आणि मागं यायला लागली, सावकाश, पिठाच्या रेघेवरून यावं तशी. ट्रॉलीतल्या बाया पुढच्या पत्र्यावरून वाकून बघायला लागल्या. हूक आला, आला, दांड्याखाली शिरला. वरनं बघितलं तर दोन्ही भोकांतनं आरपार खालची माती दिसत होती.

संगीतानं ब्रेक दाबला. विलासकडं बघितलं नाही, सुभेदारांकडं बघितलं नाही. माझ्याकडं वळून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आत्या, पडली का?"

मी कनवटीची पिन काढली.